आठ मजुरांची वाट

"आत्ता घेऊ नको बे. पुढचा येतोय. सगळं लीक झालंय त्याचं."

जिन्यात माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता. दोघांच्या पाठीवर कॉलेजच्या बॅगा, एकाच्या हातात भज्यांचा तेलकट कागद. दुसऱ्यानं विचारलं, "कधी येतोय पण?" पहिला म्हणाला, "येतोय म्हणे. फोटो पण आलेत."

मी भिंतीला टेकून त्यांना वाट दिली. ते खाली उतरून औरंगपुऱ्याच्या गर्दीत, रिक्षांच्या हॉर्नमध्ये दिसेनासे झाले आणि मी तिथंच थांबले. कुठल्या प्रोसेसरबद्दल बोलत होते कोण जाणे. दर दीडदोन वर्षांनी एक नवा येतो, आणि तो येण्याआधी वर्षभर त्याच्या बातम्या फुटतात. कारखान्यातून कुणीतरी चोरून काढलेला धूसर फोटो, कुणाच्या तरी हाती लागलेला एक तक्ता, एखादा आकडा. त्यालाच लीक म्हणतात. ह्याच कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात, आम्ही चार माणसं दर शनिवारी दुपारी ते लीक वाचत बसायचो. चौघांपैकी मी एक होते, हे आता सांगितलं तर माझ्या ऑफिसात कुणाला खरं वाटणार नाही. मी फार बोलत नाही.

ते दुकान मुश्ताकभाईंचं. ते बंद होत होतं. आठवड्यापूर्वी जुन्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "शनीचरकू दुकान खाली करतां. जिसका जो पड्या है लेके जाव." माझं तिथं काहीच पडलेलं नव्हतं. पण खाली प्रवीणदादाचं उत्तर होतं, "येतो भाई." ते वाचून मी पुण्याहून पहाटेची बस पकडली. बसच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं. कंडक्टरनं तिकीट देताना जुनंच घेतलं. मला प्रवीणदादाला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि ती दोन वाक्यं मी इतकी वर्षं घेऊन फिरत होते.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत खोकी, वायरींचे गुंते, भिंतीवर जिथं कपाटं होती तिथं फिकट चौकोन. मुश्ताकभाईंची दाढी आता मेंदीनं लाल झाली होती.

"आ गई इंग्लिश मॅडम," ते म्हणाले. "दुबली हो गई. पुनेमें खाना नक्को बोलते क्या?"

"प्रवीणदादा?"

"वाळूजसे निकल्या बोल्या. आता. बैठ."

त्यांनी रुमालानं फिरती खुर्ची झटकली. धूळ उडाली आणि तो वास आला. गरम झालेल्या धुळीचा, वितळलेल्या कथलाचा, नव्या खोक्यातल्या प्लॅस्टिकचा, आणि ह्या सगळ्याखाली मुश्ताकभाईंच्या अत्तराचा. ह्या वासाला माझ्या लेखी एक वय आहे. सतरा.

*

तिसऱ्या मजल्यावर माझी अकरावीची शिकवणी होती. शनिवारी ती दीडला सुटायची. पप्पा मला न्यायला यायचे ते साडेतीन-चारला, कारण आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस शनिवार होता. मधले सगळे दिवस नळ कोरडा. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष. शनिवारी पाणी कधी येईल ह्याचा नेम नसायचा, आणि आलं की टाकी, पिंप, बादल्या, पातेली, चहाचे कपसुद्धा भरेपर्यंत पप्पा आणि आई घराबाहेर पाऊल टाकत नसत. मी जिन्यात बसून राहायची, मांडीवर पुस्तक उघडून. वाचत नसायची. दुकानातलं बोलणं ऐकायची.

एकदा मुश्ताकभाई बाहेर आले. "बेटा, जिनेमें कायकू बैठी? अंदर पंखा है."

आत एक माणूस जमिनीवर बसून कॉम्प्युटर जोडत होता. तोंडात दोन स्क्रू, हातात स्क्रूड्रायव्हर. तो प्रवीणदादा. त्यानं वर न बघता विचारलं, "कॉन्व्हेंटची ना तू? मग हे वाच बरं. हे भाई तासभर अडकलेत एका ओळीवर."

पडद्यावर एक इंग्रजी पान होतं. मी वाचलं. मग दोघंही म्हणाले, मराठीत सांग. मी अडखळले. शाळेत माझं इंग्रजी चांगलं होतं आणि घरी आमची मराठी बेताची, पूजेअर्चेच्या घरातली, सोवळीशी. प्रोसेसरच्या आतल्या गोष्टींना तिच्यात शब्दच नव्हते. पण त्या दुकानात होते. मुश्ताकभाईंनी ते केव्हाच पाडून ठेवले होते. प्रोसेसरच्या आत काम करणारे जे कोअर असतात, ते मजूर. दोन मजूरवाला, चार मजूरवाला. त्यांचा वेग ती दौड. हाताशी ठेवलेली थोडी मेमरी म्हणजे खिसा.

"तर मग ह्यात असं लिहिलंय," मी म्हणाले, "की मजूर चारच आहेत, पण खिसा मोठा केलाय."

प्रवीणदादानं तोंडातले स्क्रू हातात काढले आणि तो मोठ्यानं हसला. "भाई, हिला सोडू नका."

असं माझं ते काम सुरू झालं. शनिवार आला की फिरती खुर्ची माझी. समोर मुश्ताकभाई, खाली प्रवीणदादा, आणि दाराशी स्टुलावर पॉलिटेक्निकचे सर. सरांचा कशावरच विश्वास नसायचा. "ह्या वावड्या आहेत हो वावड्या," ते म्हणायचे, "आणि तुम्ही शहाणी माणसं त्याची पोथी करून ऐकताय." पण एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

पोथीच होती ती एका अर्थानं. तिला रीतही होती. वाचून झालं की मुश्ताकभाई दोन बरण्यांची झाकणं पुढं ठेवायचे. एक 'सच', एक 'बंडल'. ज्याला जे वाटेल त्या झाकणात त्यानं एक स्क्रू टाकायचा. प्रोसेसर खरोखर बाजारात आला की मग हिशेब, कोण चुकलं, कोण बरोबर, आणि हरणाऱ्यानं सगळ्यांना इम्रती खाऊ घालायची. वाचणारीनं स्क्रू टाकायचा नाही असा नियम होता. मुश्ताकभाई म्हणायचे, "मॅडम तो कागज है. कागजका कायका वोट?"

मला ते आवडायचं. घरी माझा आवाज कुणाला फारसा माहीत नव्हता. वर्गात मॅडम सारख्या म्हणायच्या, स्पीक अप. दुकानात मात्र मी तोंड उघडलं की तीन मोठी माणसं गप्प व्हायची.

दोन कंपन्या होत्या. त्यांच्या खोक्यांच्या रंगांवरून आम्ही त्यांना निळे आणि लाल म्हणायचो. प्रवीणदादा निळ्यांचा. "आपण जन्मानंच निळे," तो छातीवर हात ठेवून म्हणायचा आणि भाई म्हणायचे, "हौ, तेरेकू तो जयंतीकू बी प्रोसेसरच होना." त्याच्या घरी वेरूळला भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, आणि त्या दोन फोटोंच्या मध्ये, तो सांगायचा, एक आरसा खिळ्याला टांगलेला होता. हातभर लांब, कडेचा पारा उडालेला. तो त्याच्या वडिलांच्या कामाचा आरसा.

*

उन्हाळ्यातल्या त्या दुपारी मला तारखांनी आठवत नाहीत. आवाजांनी आठवतात. कोरड्या कूलरचा खडखडाट; त्यात घालायला पाणी नव्हतं, म्हणून तो नुसती गरम हवा फेकायचा. खाली रस्त्यावर टँकर आला की प्लॅस्टिकच्या घागरींचा पोकळ आवाज. लाइट गेली की यूपीएसची टीं टीं, आणि प्रवीणदादाची धावाधाव. जोडलेलं नवीन मशीन पहिल्यांदा सुरू करताना सगळे बोलणं थांबवायचे. एक छोटी बीप आली की ते धड आहे. "जन्मलं," प्रवीणदादा म्हणायचा.

मशीनं खूप जन्मायची तेव्हा. बीड बायपासला नव्या इमारती उठत होत्या, दर महिन्याला कुणीतरी नव्या फ्लॅटसाठी, नव्या ऑफिससाठी, नव्या क्लाससाठी कॉम्प्युटर न्यायला यायचं. प्यायला पाणी नव्हतं आणि बांधकामावर मात्र सिमेंट ओलं असायचं. पप्पांच्या स्कूटरवर मागं बसून घरी जाताना मला ते दिसायचं. त्यावर घरात कुणी बोलत नसे. रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेला कापलेल्या कडुलिंबांचे बुंधे होते. त्यांच्यावर भाजीवाल्या बसायच्या.

दुकानाच्या कोपऱ्यात प्रवीणदादाचं स्वतःचं मशीन होतं. दोन मजूरवालं, जुनं, एका बाजूचं झाकण काढलेलं. त्याच्यावर दिवसभर एकाच जागेची चित्रं तयार होत असायची. वेरूळचं दहा नंबरचं लेणं. गावात त्याला सुताराची झोपडी म्हणतात. दगडातच कोरलेले लाकडी वाशांसारखे वासे, टोकाला स्तूप, स्तूपापुढं पाय खाली सोडून बसलेला मोठा बुद्ध. प्रवीणदादानं ते सगळं मापं घेऊन कॉम्प्युटरमध्ये उभं केलं होतं. आता त्यात उजेड सोडायचा होता.

उजेड हेच मोठं काम. वीज नव्हती तेव्हा त्याचे वडील, आबा, लेण्याच्या दारात आरसा धरून उभे राहायचे आणि ऊन आत फेकायचे. पाहुण्यांना बुद्ध दिसायचा तो त्या उन्हात. पुढं दिवे आले आणि आरसा खिळ्यावर गेला. प्रवीणदादाला तो उजेड परत बनवायचा होता. दोन मिनिटांची छोटीशी फिल्म, दारातून बुद्धापर्यंत. त्यासाठी कॉम्प्युटरला प्रत्येक किरणाचा हिशेब करावा लागतो, कुठं आपटला, कुठं वळला. पडद्यावर काळ्या चित्रात दोन लहान चौकोन सरकत असायचे, मुंगीसारखे, आणि ते जिथून गेले तिथं चित्र उमटायचं. दोन मजूर म्हणून दोन चौकोन. एका चित्राला दीड तास, कधी दोन. आणि फिल्मला तशी चित्रं हजारोंनी लागतात.

एका शनिवारी आबा आले. काचबिंदूसाठी सरकारी दवाखान्यात आणलं होतं, तिथून प्रवीणदादा त्यांना दुकानात घेऊन आला. पांढरा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा. स्टुलावर बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "माय, तू कुणाची?"

मी पुटपुटले.

"मोठ्यानं बोल की माय. मला दिसतंय कमी, कान चांगले हायेत."

सगळे हसले. मग प्रवीणदादानं त्यांना पडद्याजवळ नेलं, पुरं झालेलं एक चित्र दाखवलं. आबांनी चष्मा काढला. नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघितलं.

"लई भारी केलं," ते म्हणाले. "पण उजेड असा नाय येत, बाबा. ह्यो ट्यूबलाइट लावल्यावानी झाला."

"मग कसा येतो?"

"आरसा कधी थेट नाय मारायचा. थेट तोंडावर मारला तर काय दिसतंय? नुस्ता पांढरा दगड. आत खाली धोतर आंथरायचं, पांढरं. आरशातलं ऊन धोतरावर टाकायचं. तिथून मंग ते आपल्या मनानं वर चढतं. आधी पाय, मंग हात, अन् सगळ्याच्या शेवटी तोंड. दमानं." त्यांनी दोन्ही हात खालून वर नेले, मांडीवरून छातीपर्यंत, आणि तिथं थांबवले. "तव्हा त्यो बघतो आपल्याकडं."

सर पुढं वाकले होते. मुश्ताकभाई म्हणाले, "आबा, ये तो तुमना इसकू पहले बोलना था. दो साल गया."

"ईचारलं कुणी?" आबा म्हणाले. "ह्यो शिकल्याला माणूस."

ते गेल्यावर सरांनी एका पाकिटामागं आकडेमोड केली. आबा म्हणतात तसा उजेड, आरशावरून धोतरावर, धोतरावरून अंगावर, हवा असेल तर काम चौपट. ह्या मशीनवर ते कधीच होणार नव्हतं. भाईंकडं एक चार मजूरवाला प्रोसेसर पडून होता. "लेके जा," ते म्हणाले. "बाद में देखेंगे." त्याच्यावर आत्ता सुरू केलं तर दसऱ्यापर्यंत फिल्म झाली असती, पण तो ट्यूबलाइटचा उजेडच राहिला असता. आबांच्या उजेडासाठी आठ मजूर लागणार होते. आठ मजूर असले की आठ चौकोन एकदम चालतात, आणि नव्याची दौडही जुन्याच्या दुप्पट. तसा एक येणार होता. लाल कंपनीचा. सगळं जग त्याच्याबद्दल कुजबुजत होतं, आणि त्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आबांच्या डोळ्यांचं गेलेलं परत येणार नाही. आहे ते थंडीपर्यंत राहील, पुढचं काही सांगता येत नाही.

हे मला माहीत होतं. प्रवीणदादानं माझ्यासमोरच सांगितलं होतं.

*

ज्या शनिवारी मी ते केलं तेव्हा सर आले नव्हते. मुश्ताकभाई गिऱ्हाइकाशी बोलत होते. काउंटरवर चार मजूरवाल्याचं खोकं ठेवलेलं होतं, वर प्रवीणदादाची टोपी. तो ते न्यायचं ठरवून आला होता. मशीन उचलून वेरूळला नेणार होता, घरी, आबांच्या शेजारी बसून जमेल तेवढं करणार होता.

"शेवटचं एक बघ," तो म्हणाला. "लालवाल्याचं काही नवीन?"

नवीन होतं. एक लांबलचक पान. मी वाचत गेले, तो खाली बसून ऐकत होता. आठ मजूर खरे. खिसा मोठा. दौड चांगली. त्याचा चेहरा उजळत गेला, आणि मला बरं वाटत गेलं. मग त्यानं विचारलं, "कधी? दिवाळीच्या आत?"

पानाच्या शेवटी लिहिलं होतं, तारीख अजून ठरलेली नाही.

मी म्हणाले, "हो. दिवाळीच्या आत."

मी तेव्हा काय विचार केला, ते नीट सांगता येत नाही. तो येईलच असं सगळ्यांनाच वाटत होतं, मलाही. खोटं बोलतेय असं वाटलं नाही, थोडं आधी बोलतेय असं वाटलं. पण कोपऱ्यातलं ते मशीन उद्या तिथं नसेल, आणि ते गेलं की शनिवारही जातील, हे मला दिसत होतं. हे मी स्वतःला सांगायलाही कितीतरी वर्षं लावली.

प्रवीणदादा उठला. खोक्यावरची टोपी उचलून त्यानं डोक्यात घातली. "भाई, हे राहू द्या," तो ओरडला. "आबांचा उजेड येतोय दिवाळीला." आणि त्यानं 'सच'च्या झाकणात मूठभर स्क्रू ओतले. सगळे.

पुढच्या शनिवारी सर आले. दारातच म्हणाले, "मी सगळीकडं पाहिलं बुवा. मला कुठं तारीख दिसली नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "ते पान काढून टाकलं त्यांनी."

मग मुश्ताकभाईंनी काउंटरवर थाप मारली. "निकाल दिये? मतलब सच है!"

प्रोसेसरच्या नादी लागलेल्या माणसांचं हे जुनं शास्त्र. जे खोटं असतं ते इंटरनेटवर पडून राहतं. कंपनीचे वकील मागं लागतात ते खऱ्याच्या. काढून टाकलेल्या पानासारखा पुरावा नाही. सरसुद्धा, ज्यांचा कशावरच विश्वास नव्हता ते सर, हळूच म्हणाले, "हं. काढलं असेल तर मग..." आणि उठून त्यांनी आयुष्यातला पहिला स्क्रू 'सच'मध्ये टाकला.

चार मजूरवालं खोकं त्याच आठवड्यात एका क्लासवाल्यानं नेलं.

*

त्या वर्षी पाणी आलं. कूलर पुन्हा ओला झाला, त्याच्या वाळ्याचा वास दुकानभर पसरला. नळ चार दिवसांआड येऊ लागला, शनिवारचा नेम उरला नाही, आणि पप्पा दीडच्या ठोक्याला जिन्याखाली स्कूटर घेऊन उभे राहू लागले. माझे शनिवार असे गेले, दहा मिनिटांवर आले, मग पाचांवर. ज्यासाठी मी ते बोलले ते तसंही राहिलं नाही.

त्या पाच मिनिटांत प्रवीणदादा मला एकच विचारायचा. "काही आलं का?" लहान मुलाला द्यावा तसा मीच त्याला धीर द्यायची, "येईल." पोळा गेला. गणपती गेले. कोपऱ्यातलं मशीन बंद होतं. तो म्हणायचा, आता त्याला कशाला ताप द्यायचा, नवीन येतंय तर. दोन चौकोनांची ती काळी खिडकी मी परत कधी चालताना पाहिली नाही.

लक्ष्मीपूजनाला मुश्ताकभाई दुकानाला झेंडूची माळ लावायचे, शेजारचे दुकानदार लावतात म्हणून. मी आईबरोबर पणत्या घ्यायला औरंगपुऱ्यात आले होते. वर डोकावले. प्रवीणदादा एकटाच बसला होता, नवे कपडे घातलेला, पडद्यावर लाल कंपनीचं पान उघडलेलं. पान पुन्हा पुन्हा ताजं करत होता.

"दिवाळीच्या आत म्हणजे आज शेवटचा दिवस ना गं?" तो म्हणाला.

मी म्हणाले, "आई थांबलीय खाली."

संक्रांतीच्या सुमारास कळलं की आबांना आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच समजतं. मुश्ताकभाईंनी सांगितलं, तिळगूळ हातावर ठेवता ठेवता, आवाज खाली करून. आठ मजूरवाला होळीच्या आसपास आला. भाईंनी पहिलं खोकं मागवलं, सगळ्यांना बोलावलं. माझी बारावीची परीक्षा होती, तरी मी गेले. लीक झालेलं जवळजवळ सगळं खरं निघालं होतं. आठ मजूर, खिसा, दौड. प्रवीणदादानं खोकं हातात घेतलं, चारी बाजूंनी वाचलं, आणि परत ठेवलं.

"मस्त आहे," तो म्हणाला.

कुणी इम्रती मागितली नाही. त्या महिन्यात तो वाळूजला एका कंपनीत लागला. मी जूनमध्ये पुण्याला गेले. दुकानात मग नुसती मोबाइलची कव्हरं आली.

*

"काय गं कॉन्व्हेंट!"

शटरखालून वाकून तो आत आला. केस पुढून कमी झालेले, खांद्याला ड्रिल मशीनची बॅग. आता तो स्वतः कॅमेरे बसवायची कामं घेतो, कारखान्यांतून, सोसायट्यांतून. आल्या आल्या त्यानं भाईंना मिठी मारली, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मोठी साहेब झालीस. अजून बोलत नाहीस की पुण्यानं शिकवलं?"

"थोडं," मी म्हणाले.

"वो तेरा डब्बा," मुश्ताकभाईंनी कोपऱ्याकडं बोट केलं. जुनं मशीन तिथंच होतं, एका बाजूचं झाकण नसलेलं, आत धुळीची गोधडी. "ले जा. नहीं तो भंगारवाला ले जाता."

"जाऊ द्या भंगारात." तो त्याच्यासमोर उकिडवा बसला तरी. एक बोट आतून फिरवलं, धूळ बघितली. "सर गेले ना मागच्या वर्षी?"

"हौ. अल्ला उनकू..." भाई वाक्य अर्धं सोडून चहा सांगायला बाहेर गेले.

आम्ही दोघंच राहिलो. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आबा?"

"आहेत की. ओट्यावर बसतात. ऊन पायावर आलं, गुडघ्यावर आलं, असं सांगत असतात. त्यावरून आई स्वयंपाकाला लागते." तो हसला. "घड्याळ काढून टाकलं आम्ही घरातलं." मग मशीनकडंच बघत, "मी येडा होतो गं. भाई देत होते ते चारवालं घ्यायला पाहिजे होतं. ट्यूबलाइट तर ट्यूबलाइट. निदान बघितलं असतं त्यांनी."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं, खडखडाट झाला, थांबला.

"त्यांना मी सांगितलंय, कंपनीनं फसवलं म्हणून. दिवाळी म्हणले अन् होळीला आणला. अजून कधी विषय निघाला की मी त्या कंपनीला शिव्या घालतो. तर आबा काय म्हणतात माहितंय का? म्हणतात, 'त्येला कशाला नावं ठिवतो बाबा. येवढ्या लांबचा माणूस. त्येला काय म्हाईत, हितं कुणी वाट बघतंय ते.'"

तो उठला, हात पँटला पुसले, आणि माझ्याकडं बघून पुन्हा हसला, तसाच, जसा त्या शनिवारी टोपी डोक्यात घालताना हसला होता. "तू तरी इमानानं वाचून दाखवायचीस. तुझं काय त्यात."

मुश्ताकभाईंची पावलं जिन्यात वाजत होती, चहाच्या ग्लासांचा आवाज जवळ येत होता. मला वाटलं आवाज निघणारच नाही. पण निघाला, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्यानं.

"प्रवीणदादा, कंपनीनं नाही फसवलं. त्या पानावर तारीख नव्हती, आणि ते पान कुणी काढलंही नव्हतं. दिवाळी मी सांगितली. आबांच्या डोळ्यांचं मला तेव्हा माहीत होतं."